मुखवैरस्य

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं ताकावरून मोठा तंटा झाला. सकाळीं उठल्याबरोबर तोंडांत तांब्याचा पैसा धरून ठेवावा तशी चव येई. चहा कडवट लागे, आमटी खारट लागे, आणि ताक तर घशाखालीं उतरेना. "ताक कळकलें आहे, पातेल्याची कल्हई गेली आहे," असा निकाल मीं देऊन टाकिला. सौभाग्यवतींनीं निमूटपणें पितळेचीं सारीं भांडीं कल्हईवाल्याकडे पाठविलीं. तीं चांदीसारखीं चकचकीत होऊन आलीं. चव मात्र जागची हलली नाहीं. मग दूध बदललें, मग सूनबाईंच्या विरजणास दोष दिला. घरांतील बाकी सगळीं माणसें तेंच ताक मिटक्या मारीत पीत होतीं, ही गोष्ट पस्तीस वर्षें मुलांस अन्वय लावावयास शिकविणाऱ्या माझ्या ध्यानांत दोन महिने आली नाहीं !

अखेरीस धाकट्या चिरंजीवांनीं मला दन्तवैद्याकडे नेलें. त्यांनीं हातांत आरसा देऊन खालच्या पुढील दांतांची मागची बाजू दाखविली. तेथें पिंवळट तपकिरी कवच बसलें होतें व त्याखालची हिरडी लाल होऊन सुजली होती. "गुरुजी, ताक येथें कळकतें," एवढेंच ते म्हणाले.

तोंडाची चव बिघडण्यास आपल्या वैद्यकांत 'मुखवैरस्य' असें नांव आहे. आणि दांतांवरील मळ खड्यासारखा कठीण होतो त्यास सुश्रुतानें 'दन्तशर्करा' म्हटलें आहे. आपण त्यास किटण म्हणतों. परंतु किटण ही पुढची पायरी होय. तिच्या आधीं दांतांवर जो मऊ, चिकट, पांढुरका थर बसतो, ज्यास हल्लींचे डॉक्टर 'प्लाक' म्हणतात, तोच खरा मूळपुरुष. पुष्कळांस तो अन्नाचा लेप वाटतो. वस्तुतः ती जिवंत जंतूंची दाट वसाहत आहे. हॉलंडांतील डेल्फ्ट गांवच्या लेव्हेनहुक नांवाच्या कापड-व्यापाऱ्यानें इ. स. १६८३ मध्यें आपल्याच दांतांच्या फटींतील पांढरा मळ स्वतः घडविलेल्या भिंगाखालीं पाहिला, तों त्यांत सूक्ष्म जीव चपळाईनें हिंडतांना दिसले. तें वृत्त त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविलें. विशेष हें कीं, हा गृहस्थ रोज मिठानें दांत घासणारा होता. तरीही फटींतला मळ राहिलाच होता. 'मी रोज दांत घासतों' एवढ्यावर माझ्यासारखे जे निर्धास्त असतात त्यांनीं हें लक्षांत घ्यावें.

आतां या थरापासून चव कशी बिघडते तें पाहूं. दांत स्वच्छ केल्यावर थोड्याच वेळांत लाळेंतील प्रथिनांचा एक पातळ पापुद्रा त्यांवर बसतो. त्यास जंतू चिकटतात, आणि थरावर थर चढत जातो. हिरडीलगतच्या खोल भागांत प्राणवायू पोंचत नाहीं. तेथील जंतू लाळेंतील व अन्नांतील प्रथिनें कुजवितात, व त्यांतून गंधकयुक्त वायू निघतात. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हा त्यांपैकींच एक. आपण ज्यास चव म्हणतों तिचा मोठा भाग खरें पाहतां वासच असतो, कारण तोंडांतील वायू घशामागून नाकांत चढतात. सर्दी झाली म्हणजे पक्वान्नही मातीसारखें लागतें, याचें कारण हेंच. शिवाय सुजलेल्या हिरडीतून नकळत रक्त झिरपतें. रक्तांत लोह असतें. माझा 'तांब्याचा पैसा' तो हाच! झोपेंत लाळ फार कमी सुटते, त्यामुळें तोंड रात्रभर धुतलेंच जात नाहीं, आणि पहाटे ही चव अधिक जाणवते.

हिरड्यांचा हा दाह थरामुळेंच होतो, याचें प्रमाण १९६५ सालीं डेन्मार्कमधील आर्हूस येथील हाराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केलें. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांस त्यांनीं दांत घासणें मुद्दाम बंद करावयास लाविलें. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. आणि घासणें पुन्हां सुरू करतांच त्या थोड्याच दिवसांत पूर्ववत् झाल्या. अर्थात् आरंभींचा दोष परतवितां येतो. थर तसाच राहिला तर लाळेंतील चुना त्यांत मुरून तो दगडासारखा होतो. लाळेच्या नळ्या जिभेखालीं व वरच्या दाढांसमोर गालांत उघडतात, म्हणून किटण मुख्यतः तेथेंच सांचतें. तें ब्रशानें निघत नाहीं. दन्तवैद्यानेंच खरवडून काढावें लागतें. 'दांत साफ केले कीं ढिले होतात' असा एक समज घरोघर आहे. तो उलटा आहे. किटणानें भरलेल्या फटी मोकळ्या झाल्या म्हणजे तसें भासतें इतकेंच. दांतांचा आधार खातो तो किटणाखालचा दाह.

रोजच्या रीतीविषयीं फार लिहीत नाहीं. मऊ ब्रश हिरडीच्या कडेशीं तिरपा धरून दोन वेळां, त्यांतही निजण्यापूर्वीं अवश्य, फिरवावा; फटींत धागा घालावा; जीभही खरवडावी. चरकानें जिभेसाठीं सोन्यारुप्याची, तांब्याची वांकडी व बोथट पट्टी सांगितली आहे, आणि आमच्या लहानपणीं ती प्रत्येक न्हाणीघरांत असे. मशेरीस मात्र दन्तमंजन म्हणूं नये. ती भाजलेली तंबाखूच आहे. तिनें व्यसन जडतें आणि तोंडाचा कर्करोग होऊं शकतो. दांत स्वच्छ असूनही चव बिघडलेलीच राहिली तर अम्लपित्त, नाकाचा विकार, चालू असलेलें एखादें औषध किंवा मधुमेह यांचा तपास वैद्याकडून करवावा. मधुमेह व हिरड्यांचा रोग हे तर एकमेकांस वाढविणारे आहेत.

दुसऱ्या खेपेस सौभाग्यवती सोबत आल्या होत्या. माझें काम आटोपल्यावर डॉक्टरांनीं सहज त्यांनाही खुर्चीवर बसविलें. हिरडीला नुसता स्पर्श होतांच रक्त आलें. खालचे दोन दांत हालत होते. "तोंडाला वाईट चव येत नव्हती का, काकू ?" असें त्यांनीं विचारलें.

"येते कीं. तीन-चार वर्षें झालीं," त्या म्हणाल्या. "पण आम्ही बसतों सर्वांच्या मागून. तोंवर आमटी गार झालेली असते. तिचीच चव तशी असेल असें वाटे."

दोहोंपैकीं एक दांत वाचला. दुसरा पौषांत काढावा लागला. आतां दर तीन महिन्यांनीं त्यांना तपासणीस जावें लागतें. तारखा मीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहून ठेविल्या आहेत.