तेरा अक्षरांतला समुद्र

हवाईची भाषा लिहायला अक्षरं लागतात फक्त तेरा. पाच स्वर, सात व्यंजनं, आणि तेरावं अक्षर म्हणजे घशात क्षणभर अडणारा श्वास. त्याला 'ओकिना' म्हणतात आणि तो उलट्या स्वल्पविरामासारखा लिहितात. एवढ्याशा सामग्रीत या लोकांनी समुद्राच्या किती कळा पकडून ठेवल्या आहेत! 'काइ' म्हणजे समुद्र, खारं पाणी. काइ मालिए म्हणजे शांत समुद्र, काइ कोओ म्हणजे खवळलेला, काइ उली म्हणजे खोलावरचा काळानिळा, काइ कोहोला म्हणजे प्रवाळाच्या बांधाआडचं उथळ पाणी. जिथे पाणी आणि जमीन एकमेकांना शिवतात ती कड म्हणजे आए काइ. किनाऱ्याशी येऊन फुटते ती लाट 'नालू', आणि समुद्रावर नुसती हेलकावत राहते ती 'आले'. या सगळ्यांच्या पलीकडे पसरलेला असतो तो महासागर, 'मोआना'.

मुलींची नावं याच शब्दांतून येतात. काइलानी म्हणजे समुद्र आणि आभाळ. काइमालिए, मोआना. मोमी म्हणजे मोती आणि लेइमोमी म्हणजे मोत्यांची माळ. या भाषेत स्त्रीलिंग-पुल्लिंग असा भेदच नाही, त्यामुळे काइ किंवा नालू हे नाव मुलाचंही असतं आणि मुलीचंही. 'लेइ' हा शब्द तर फारच लोभस आहे. लेइ म्हणजे गळ्यातली माळ, आणि लेइ म्हणजे लाडकं मूलही, कारण तेही गळ्यात हात टाकून तसंच बिलगतं. म्हणजे लेइमोमी हे नाव ठेवताना आईबाप एका दमात दोन गोष्टी सांगतात.

नावांच्या पुस्तकांत प्रत्येक नावापुढे एक शब्द छापलेला असतो: समुद्र, लाट, मोती. तो अर्थ चुकीचा नसतो, पण अपुरा असतो. हवाईचं नाव सहसा 'समुद्र' एवढ्यावर थांबत नाही. कुठला समुद्र, कोणत्या वेळचा, कोणाच्या संदर्भातला, हे सगळं त्यात बांधलेलं असतं.

रेल सन हिचं नाव बघा. ओआहू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर माकाहा नावाचं गाव आहे, तिथे हिवाळ्यात प्रचंड लाटा येतात. रेल १९५० साली जन्मली आणि या गावात वाढली. लाटांवर स्वार होणाऱ्या बायका विरळा होत्या त्या काळात ती पुरुषांच्या बरोबरीने उतरली. बायकांच्या व्यावसायिक सर्फिंगचा पाया घालणाऱ्यांत तिचं नाव आहे, आणि हवाईची पहिली स्त्री जीवरक्षक म्हणूनही ती ओळखली जाते. माकाहातल्या मुलांसाठी तिने सर्फिंगच्या स्पर्धा सुरू केल्या. बत्तिसाव्या वर्षी तिला स्तनांचा कर्करोग झाल्याचं कळलं. त्यानंतरही ती अनेक वर्षं पाण्यात उतरत राहिली आणि जानेवारी १९९८ मध्ये गेली.

तिचं हवाईचं नाव होतं कापोलिओकाएहुकाइ. पहिल्यांदा बघताना डोळे गरगरतात, पण सुटं केलं की लख्ख दिसतं. का-पोली-ओ-का-एहु-काइ. 'का' हा नामाआधी येणारा छोटा शब्द, 'ओ' म्हणजे चा-ची-चे. 'एहु काइ' म्हणजे लाट फुटल्यावर हवेत उडणारे समुद्राचे तुषार. आणि 'पोली' म्हणजे छाती, ऊर, कूस. समुद्राच्या तुषारांचं ऊर! पोली हा शब्द हवाईच्या माणसाला आणखी एका कथेकडे नेतो. ज्वालामुखीची देवी पेले आपल्या धाकट्या बहिणीला, हिइआकाला, अंड्याच्या रूपात उराशी धरून समुद्रापारहून आली. त्या बहिणीचं पूर्ण नाव हिइआका-इ-का-पोली-ओ-पेले, म्हणजे पेलेच्या उराशी असलेली हिइआका. तेव्हा रेलच्या नावातल्या 'पोली'ला नुसता शरीराचा अवयव समजून चालणार नाही. जिवापाड जपून नेण्याची जागा असा त्याचा भाव आहे. काव्यात लपवलेल्या अशा अर्थाला हवाईचे लोक 'काओना' म्हणतात, आणि नाव ऐकणारा जाणकार तो शोधतोच.

अशी नावं सुचतात कशी? कधी ती सुचत नाहीत, येतात. पूर्वी घरातल्या कोणाला, बहुधा आजी-आजोबांना, स्वप्नात नाव मिळायचं. त्याला 'इनोआ पो' म्हणायचे, रात्रीचं नाव. ते नाव टाळलं तर मूल आजारी पडतं असा समज होता. आकाशात किंवा समुद्रावर एखादी खूण दिसली आणि तिच्यावरून नाव ठेवलं तर ते 'इनोआ होआइलोना'. कोणी दिसत नाही, नुसता आवाज ऐकू येतो आणि तो नाव उच्चारतो, तर ते 'इनोआ ऊलालेओ'. वाईट नजर लागू नये म्हणून मुद्दाम कुरूप नाव ठेवायचीही रीत होती. आपल्याकडच्या दगडू-धोंडूंच्या आयांना ती वेगळी सांगावी लागणार नाही. आणि काही नावं त्या दिवशी जे घडलं ते सांगतात. हवाईची शेवटची राणी लिलिउओकालानी १८३८ साली जन्मली, तेव्हा राज्यकारभारात मोठा अधिकार असलेल्या किनाऊ या बाईंचे डोळे आले होते. बाळाची नावं त्यावरूनच पडली: लिलिउ, चुरचुरणारं, लोलोकू, आसवांनी भरलेलं, वालानिआ, जळजळणारं, कामाकाएहा, दुखरे डोळे. पुढे राज्य गमावलेल्या राणीच्या नावात जन्मापासूनच आसवं होती.

याच राणीने आयुष्यातलं एक मोठं काम कैदेत केलं. अमेरिकी व्यापारी हितसंबंधांनी १८९३ साली तिची सत्ता उलथवली, १८९५ मध्ये तिला तिच्याच इओलानी राजवाड्यात कोंडून ठेवलं, आणि त्या दिवसांत तिने 'कुमुलिपो' या प्राचीन काव्याचा इंग्रजी अनुवाद केला. तो १८९७ मध्ये छापला गेला. कुमुलिपो दोन हजारांहून अधिक ओळींचं आहे. ते सृष्टीच्या उत्पत्तीचं काव्य म्हणून ओळखलं जातं, पण मुळात ते एका राजवंशी बाळाच्या जन्माशी जोडलेलं, त्याची वंशावळ सांगणारं काव्य आहे. आणि ही वंशावळ सुरू होते प्रवाळाच्या इवल्याशा जिवापासून. अंधारातून आधी प्रवाळ, मग समुद्रातले बारीकसारीक जीव, शंख-शिंपले, शेवाळं, मासे, पक्षी, आणि किती तरी पुढे माणूस. त्यात समुद्रातल्या एकेका वनस्पतीला जमिनीवरची एकेक राखणदार नेमून दिलेली आहे: समुद्रातल्या एकाहाला रानातली एकाहाकाहा. एका तान्ह्या बाळाचं नातं सांगायला प्रवाळापासून सुरुवात करणारे लोक मुलीचं नाव समुद्रावरून ठेवतात, तेव्हा ते तिच्या थोरल्या भावंडाचं नाव तिला देत असतात, असं मला वाटतं.

आता थोडी सावधगिरी. दिसेल तिथे 'काइ' म्हणजे समुद्र असं धरून चाललं की माणूस हमखास फसतो. राजकन्या काइउलानी हवाईबाहेरही पुष्कळांना माहीत आहे. १८७५ साली जन्मलेली ही राजकन्या राज्याची वारस होती. सत्ता उलथवल्यावर अवघ्या सतराव्या वर्षी ती अमेरिकेत आपल्या देशाची बाजू मांडायला गेली, आणि तेविसाव्या वर्षी वारली. तिच्या नावात समुद्र नाहीच. ते 'का' आणि 'इउ' आणि 'लानी' असं तुटतं. 'का'नंतर तो अडलेला श्वास आहे, आणि अर्थ होतो आभाळाएवढं उंच, पवित्र राजपद. होनोलुलूतली काइमुकी ही वस्ती घ्या. ती का-इमु-की आहे: 'की' नावाच्या झाडाची भट्टी. काइनोआ हे नाव 'बंधनमुक्त समुद्र' असंही वाचता येतं आणि 'का इनोआ' म्हणजे नुसतं 'नाव' असंही. काइमाना ऐकताना समुद्राची शक्ती वाटते, पण हा शब्द इंग्रजीतल्या 'डायमंड'चं हवाईकरणही आहे. होनोलुलूजवळच्या डायमंड हेड डोंगराला म्हणूनच काइमाना हिला म्हणतात. आणि मुलगी या अर्थाचा शब्दच आहे काइकामाहिने! त्यातला 'काइ' समुद्राचा नव्हे, भावाबहिणींच्या नात्यांच्या शब्दांआधी येतो तो. मिशनऱ्यांनी १८२०च्या दशकात ही भाषा लिपीत आणली तेव्हा ओकिनाची खूण सगळीकडे नेमाने झाली नाही, त्यामुळे जुन्या कागदांतली कित्येक नावं कुठे तोडायची हे घरचं माणूसच सांगू शकतं.

खराखुरा 'काइ' मात्र फार लांबून आलेला आहे. ताहिती, सामोआ, माओरी या भाषांत तो 'ताइ' आहे. हवाईत 'त'चा 'क' झाला. त्याचा दूरचा भाऊ मलाय भाषेतला 'तासिक' आहे, तिथे त्याचा अर्थ उरला तलाव. 'मोआना' तर पॉलिनेशियाभर जवळजवळ आहे तसाच टिकला. २०१६च्या डिस्नेपटामुळे तो जगभरच्या मुलांच्या तोंडी गेला, आणि २०१८ मध्ये तोच चित्रपट हवाईच्या भाषेत आला तेव्हा मोआनाला आवाज पुन्हा आउलिइ क्रावाल्यो या हवाईच्याच मुलीने दिला.

समुद्राची सगळी नावं पाण्याची नसतात. निइहाऊ हे सगळ्यात पश्चिमेचं वस्तीचं बेट १८६४ पासून एकाच कुटुंबाच्या खासगी मालकीचं आहे, आणि हवाईची भाषा अजूनही घराघरांत पहिली भाषा म्हणून बोलली जाते ते हेच बेट. हिवाळ्यातल्या उधाणानंतर तिथल्या वाळूत बारीक शिंपले येऊन पडतात. त्यातला सगळ्यात मानाचा कहेलेलानी. ज्वारीच्या दाण्याएवढा, फिकट गुलाबीपासून गडद डाळिंबी रंगापर्यंतचा. बायका वाळूवर पालथ्या पडून तो वेचतात. मग रंगाप्रमाणे आणि मापाप्रमाणे निवड. मग बारीक टोच्याने एकेकाला भोक पाडायचं, आणि त्यात पुष्कळ फुटतात. शेकडो शिंपले एकमेकांत गुंफून एक लेइ तयार व्हायला कित्येक महिने, कधी वर्षं लागतात. शिंपल्याला हे नाव बेटाच्या एका प्राचीन सरदारावरून मिळालं आणि मुलींनाही ते ठेवतात. सरदार, शिंपला, मुलगी: एकच नाव तिघांकडे. कहेलेलानी नावाच्या मुलीला 'तुझ्या नावाचा अर्थ काय' असं विचारलं तर ती यातलं आधी काय सांगत असेल, हे ऐकायला मला फार आवडेल.

ही नावं सरळ पहिलं नाव म्हणून ठेवायला मात्र शंभराहून अधिक वर्षं कायद्याची आडकाठी होती. चौथ्या कामेहामेहा राजाच्या काळात १८६० मध्ये नावांचा कायदा झाला. त्यानुसार मुलाला वडिलांचं नाव आडनाव म्हणून लावायचं आणि पहिलं नाव ख्रिस्ती ठेवायचं, तेही मुलगा-मुलगी ओळखू येईल असं. ज्या भाषेला लिंगभेद ठाऊक नाही तिच्यावर ही सक्ती! लोकांनी वाट काढली. मेरी, लिडिया, इसाबेला अशी नावं पुढे ठेवली आणि आजीने दिलेलं नाव मधे सरकवलं. हा कायदा रद्द व्हायला १९६७ साल उजाडलं. हवाईच्या कित्येक मोठ्या बायकांची नावं म्हणूनच अशी दुपेडी आहेत, आणि खरी गोष्ट मधल्या नावात असते.

इसाबेला काउआकेआ अ‍ॅबट यांचंही तसंच. १९१९ साली माउई बेटावरच्या हाना इथे त्यांचा जन्म झाला. वडील चिनी, आई हवाईची. काउआकेआ म्हणजे पांढरा पाऊस, हानाचा प्रसिद्ध पाऊस. म्हणजे नावात समुद्र नव्हता, पण आईने लहानपणीच त्यांना किनाऱ्यावर नेऊन खायच्या शेवाळांची, लिमूंची, ओळख करून दिली: कोणतं कुठे उगवतं, त्याला काय म्हणायचं, कशाबरोबर खायचं. ती नावं शिकलेली मुलगी १९५० मध्ये बर्कलीतून डॉक्टरेट घेऊन बाहेर पडली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या मूळनिवासी हवाईयन स्त्री. पुढे स्टॅनफर्डला जीवशास्त्राच्या प्राध्यापक, आणि पॅसिफिकमधल्या शेवाळांच्या जगन्मान्य जाणकार. दोनशेहून अधिक शेवाळांचं वर्णन त्यांनी विज्ञानात पहिल्यांदा नोंदवलं, म्हणजे समुद्रातल्या तितक्या रहिवाशांचं बारसं केलं. त्याची परतफेडही झाली. लाल शेवाळांच्या एका गटाला शास्त्रज्ञांनी त्यांच्यावरून नाव दिलं आहे: अ‍ॅबटेला, म्हणजे छोटी अ‍ॅबट.