स्नोमोबाइलचा ध्वनी आणि बर्फवाटेची संमती

पुढे दोन पट्ट्या, मागे फिरता रबरी पट्टा आणि मध्ये इंजिन, अशी स्नोमोबाइलची सर्वसाधारण रचना असते. क्वेबेकमधील जोसेफ-आर्मान बोम्बार्डिए यांनी १९५९ मध्ये ‘स्की-डू’ हे हलके वाहन विक्रीस आणले, आणि पुढील दशकात उत्तर अमेरिकेच्या हिमप्रदेशांत त्याचा झपाट्याने प्रसार झाला. त्याबरोबरच त्याच्या आवाजाविषयीची तक्रारही पसरली.

ही तक्रार निराधार नव्हती. टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्यास एक स्फोट होतो आणि निर्गमद्वार उघडताच दाबाखालील तप्त वायू एकदम बाहेर उसळतो. हा आघात शमविण्याचे काम सायलेन्सरचे. प्रारंभीची यंत्रे ५० फुटांवर १०० डेसिबेलच्या घरात आवाज करीत; १ फेब्रुवारी १९७५ नंतर निर्माण झालेल्या प्रमाणित यंत्रांस पूर्ण वेगात, तितक्याच अंतरावर, ७८ डेसिबेलची मर्यादा आहे. तेव्हा आजचा प्रश्न प्रामुख्याने कारखान्याचा नव्हे. काही किलो वजन वाचावे आणि यंत्रास थोडा जोर चढावा, म्हणून मूळ सायलेन्सर काढून हलका बसविणाऱ्या चालकाचा तो आहे.

डेसिबेलचे प्रमाण लघुगणकीय असल्याने येथे सामान्य अंदाज फसतो. दहा डेसिबेलची वाढ म्हणजे ध्वनिशक्ती दसपट; म्हणजे असे एक यंत्र मूळ स्थितीतील दहा यंत्रांबरोबरीचे होय. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबेलने उतरतो. त्या हिशेबाने ७८ डेसिबेलचे यंत्र सुमारे ४०० फुटांवर ६० पर्यंत येते, तर ८८ चे यंत्र त्यासाठी साडेबाराशे फूट घेते. वाटेच्या दोन्ही अंगांचा त्रस्त पट्टा असा तिपटीहून अधिक रुंदावतो आणि त्यात येणारी घरेही त्या मानाने वाढतात. ताजे भुसभुशीत हिम ध्वनी शोषते हे खरे. तथापि निवांत, अतिशीत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेहून थंड असते, आणि वर जाऊ पाहणारा ध्वनी वाकून पुन्हा खाली येतो. लोक निजलेले असतात तो हाच समय.

स्कीवरून अथवा पायी जाणाऱ्यांची शांतता यंत्राने भंगते. यंत्रस्वारास मात्र त्यांचा उपसर्ग क्वचितच होतो. हा विरोध एकतर्फीच म्हटला पाहिजे. जमीनमालकाची गोष्ट निराळी, कारण त्याच्या हाती उपाय आहे. मेन, विस्कॉन्सिन यांसारख्या राज्यांत बर्फवाटांचा मोठा भाग खाजगी शेतांतून व रानांतून जातो, आणि तो मालकाच्या संमतीवर चालतो. मध्यरात्री जाग आलेला शेतकरी कोणाचे यंत्र होते याचा शोध घेत बसत नाही. तो संमती मागे घेतो. एका शेताची वाट तुटली की सलग मार्ग तुटतो आणि सौम्य यंत्रे चालविणारे बहुसंख्य स्वारही वाट गमावतात. यास्तव मूळ सायलेन्सर राखण्याचा आग्रह स्वारांचे संघच धरतात.

५० फुटांवरील धावती चाचणी वाटेवर घेणे दुष्कर. म्हणून उभ्या यंत्राची चाचणी प्रचारात आली: इंजिन ठराविक गतीस आणून चार मीटरांवरून मोजणी केली जाते, आणि ८८ डेसिबेल ही तेथील प्रचलित मर्यादा होय.