'हॅव' आणि मराठीतील 'असणे'

'हॅव' हे इंग्रजी क्रियापद इतके परिचित आहे की त्याचा अर्थ कोणी विचारला तर आपल्याला हसू यावे. 'हॅव म्हणजे जवळ असणे' हे आपण शाळेतच पाठ केलेले असते. अनुवादाला बसल्यावर मात्र हाच पाठ प्रथम अडचणीत आणतो. मराठीत या क्रियापदाला एकास एक असा प्रतिशब्दच नाही. इंग्रजी वाक्यात मालक हा कर्ता असतो आणि वस्तू कर्म. मराठीत वस्तूच कर्ता होते, क्रियापद 'असणे' येते आणि मालक विभक्तिप्रत्ययाच्या किंवा शब्दयोगी अव्ययाच्या आधाराने वाक्यात उभा राहतो. हिंदी आणि रशियन या भाषांची रीतही साधारण अशीच असल्याने हे मराठीचे न्यून समजू नये.

म्हणून अनुवादकाने कोश उघडण्याआधी मालक आणि वस्तू यांचे नाते पाहावे. 'आय हॅव टू ब्रदर्स' याचे मराठी 'मला दोन भाऊ आहेत' असे होते; सायकल मात्र 'माझ्याकडे' असते आणि खिशातील सुटे पैसे 'माझ्याजवळ' किंवा 'माझ्यापाशी'. घराला खिडक्या असतात, आजाऱ्याला ताप असतो, धैर्य एखाद्याच्या अंगी असते. इंग्रजीत या सर्व ठिकाणी एकच 'हॅव' पुरतो.

हा केवळ शैलीचा प्रश्न नाही. विभक्त झालेल्या पतिपत्नींच्या दाव्यातील एका कागदात 'शी हॅज टू चिल्ड्रन' असे वाक्य आहे, अशी कल्पना करा. 'तिला दोन मुले आहेत' या अनुवादात मातृत्वाचे नाते सांगितले जाते. 'तिच्याकडे दोन मुले आहेत' असे लिहिले तर मुले सध्या तिच्या ताब्यात आहेत, असा अर्थ निघतो. ज्या दाव्यात ताब्याचाच वाद आहे, तेथे 'ला' आणि 'कडे' यांच्या निवडीने मूळ कागदात नसलेले विधान अनुवादात शिरते.

अलीकडे 'माझ्याकडे एक कल्पना आहे', 'माझ्याकडे एक प्रश्न आहे' अशी वाक्ये सर्रास आढळतात. त्यांत व्याकरणाची चूक दाखवता येणार नाही. पण ती इंग्रजीच्या सावलीत वाढलेली आहेत. 'मला एक कल्पना सुचली आहे', 'मला एक विचारायचे आहे' ही वळणे हाताशी असताना ती सोडण्याचे कारण प्रस्तुत लेखकास दिसत नाही.

उलट दिशेनेही घसरण होते. 'आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स' हे वाक्य आपल्याकडे पुष्कळदा ऐकू येते. नाते किंवा मालकी ही स्थिती आहे. प्रमाण इंग्रजीत तिला चालू काळाचे रूप देत नाहीत. 'आय अॅम हॅविंग लंच' मात्र निर्दोष आहे, कारण तेथे 'हॅव' म्हणजे जेवणे ही क्रिया होय. (लॅटिनमधील 'हाबेरे' हे क्रियापद अर्थाने व ध्वनीने 'हॅव'सारखे वाटते, परंतु दोघांचे मूळ एक नाही. 'हॅव'चे नाते लॅटिनमधील 'पकडणे' या अर्थाच्या 'कापेरे'शी आहे.)

सर्वांत अधिक जपावे लागते ते 'हॅव टू' या रचनेला. 'आय हॅव टू गो' यात बाहेरून आलेली सक्ती असेल तर 'मला जावे लागते' किंवा 'लागणार' असे लिहावे. 'मला जायचे आहे' यात इच्छाही डोकावते, त्यामुळे संदर्भ पाहूनच ते वापरावे. नकारार्थी वाक्यात धोका आणखी वाढतो. 'यू डोन्ट हॅव टू कम' याचा अर्थ 'तुम्ही येण्याची आवश्यकता नाही' असा आहे. म्हणजे यायचे की नाही, हे ऐकणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले असते. घाईत कोणी 'तुम्ही यायचे नाही' असे लिहिले, तर त्याच माणसाला दाराबाहेर थांबवले जाते.