बुटके वाळुंज

सह्याद्रीतील नद्या-ओढ्यांच्या काठी वाढणारा वाळुंज वृक्ष आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ज्याच्या लाकडाची क्रिकेटची बॅट करतात, तो विलो वृक्ष याच वाळुंजाचा सगोत्र होय. परंतु ज्या सॅलिक्स प्रजातीत हे दोघे मोडतात, तिच्यातील काही झुडपे इतकी ठेंगणी असतात, की त्यांच्यावरून चालणाऱ्या वाटसरूला ती गवतच वाटावीत.

युरोपच्या उत्तर भागात व उंच पर्वतांवर आढळणारी सॅलिक्स हर्बेशिया ही अशीच एक जाती. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचे हे नाव आढळते. तिची उंची बहुधा १ ते ६ सेंटिमीटर असते. तथापि तिचे खोड काष्ठमय असून ते बरेचसे जमिनीखाली पसरलेले असते.

आपल्या देशातही तिची भावंडे आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळूरची हवा आपणांस थंड वाटते. हिमालयात त्याच्या चौपट उंचीवर, जेथे मोठे वृक्ष विरळ होत जातात, तेथे सॅलिक्स लिंडलेयाना हे झुडूप खडकांना बिलगून वाढते.

हा बुटकेपणा म्हणजे दुबळेपणा नव्हे. जमिनीलगत वाऱ्याचा जोर कमी असतो आणि उन्हाने तापलेल्या भूमीची ऊब तेथे मिळते. हिवाळ्यात बर्फाचा थर झुडपाला झाकून टाकतो. बर्फाच्या कणांत अडकलेली हवा उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून बाहेर कडाक्याची थंडी असली, तरी आतील कळ्या सुरक्षित राहतात. हे बर्फ म्हणजे जणू त्या झुडपाची गोधडीच होय.

हवामान उबदार झाल्यास या झुडपाचे हित होईल, असे आपणांस वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. बर्फ लवकर वितळले, म्हणजे कोवळे अंकुर उघडे पडतात आणि मागाहून येणाऱ्या कडक थंडीच्या रात्री ते करपतात. शिवाय खालची उंच झुडपे वर सरकून त्यांचे ऊन अडवितात.

हिमयुगाच्या अखेरच्या काळातील गाळात, युरोपच्या सखल प्रदेशांतही, बुटक्या वाळुंजांची पाने सापडली आहेत. पुढे हवा तापू लागली, तेव्हा ही झुडपे उत्तरेकडे व पर्वतांवर सरकली. आज पृथ्वी पुन्हा तापत आहे. परंतु जी झुडपे शिखरालाच जाऊन पोहोचली, त्यांना आणखी वर सरकण्यास भूमीच उरलेली नाही.