केप्लरची आई आणि चेटकिणीचा खटला

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेलं 'अं... म्हणजे...' तेवढं काढून टाकलंय.

शाळेतलं इतिहासाचं पुस्तक आठवा. युरोपचा धडा. प्रबोधनकाळ, मग धर्मसुधारणा चळवळ, मग भौगोलिक शोध, मग वैज्ञानिक क्रांती. प्रत्येकाला वेगळं शीर्षक आणि परीक्षेत प्रत्येकावर एक टीप. मी दहावीला हे सगळं पाठ केलं आणि पेपर झाल्यावर विसरलो. पण डोक्यात एक चित्र मात्र पक्कं बसलं: आधी अंधार होता, मग एकेक दिवा लागत गेला आणि शेवटी लख्ख उजेड पडला.

आज ज्या बाईची गोष्ट सांगणार आहे, तिने हे चित्र मोडलं. तिचं नाव कॅथरिना केप्लर. हो, तोच केप्लर! ग्रहांच्या गतीचे तीन नियम, फिजिक्सच्या पेपरातला. त्याची ही आई. १६२० साली, वय सत्तरीच्या पुढे असताना, तिला चेटकीण म्हणून अटक झाली.

आधी थोडी पार्श्वभूमी. योहानेस केप्लर जन्मला १५७१ साली, आजच्या दक्षिण जर्मनीतल्या वाइल डेर श्टाट या छोट्या गावात. वडील भाडोत्री सैनिक, एकदा गेले ते परत आलेच नाहीत. घर आईने सांभाळलं. १५७७ साली आकाशात एक मोठा धूमकेतू दिसला, तेव्हा तिने जेमतेम सहा वर्षांच्या पोराला उंच जागी नेऊन तो दाखवला. ही आठवण केप्लरने आयुष्यभर जपली.

आता त्या काळाचं जग बघा. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने चर्चच्या क्षमापत्रांविरुद्ध, म्हणजे पैसे देऊन पापाच्या शिक्षेतून सूट मिळवण्याच्या धंद्याविरुद्ध, ९५ मुद्दे मांडले. अशी भांडणं आधीही झाली होती. पण या वेळी छापखाना हाताशी होता आणि काही महिन्यांत ते मुद्दे जर्मनीभर पोचले. पुढे १५५५ च्या तहात ठरलं की राजाचा जो पंथ, तोच प्रजेचा पंथ. मग एका संस्थानात कॅथलिक, तर शेजारच्यात ल्यूथरन.

केप्लर यात दोन्हीकडून भरडला गेला. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात तो शिक्षक होता. तिथल्या कॅथलिक राजाने १६०० साली त्याला ल्यूथरन म्हणून हाकललं. पुढे तो लिंझला गेला, तर तिथल्या ल्यूथरन धर्मगुरूने त्याला पवित्र प्रसादविधीत बसू दिलं नाही. कारण काय, तर पंथाच्या एका दस्तऐवजावर हा बिनशर्त सही करायला तयार नव्हता. स्वतःच्याच पंथाने वाळीत टाकलं म्हणा ना!

या सगळ्या धावपळीत त्याने काम काय केलं? टायको ब्राहे नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने दुर्बीण नसताना, नुसत्या डोळ्यांनी, वर्षानुवर्षं ग्रहांच्या अतिशय अचूक नोंदी ठेवल्या होत्या. १६०१ मध्ये टायको वारला आणि तो डेटा केप्लरच्या हाती आला. केप्लरने मंगळाची कक्षा वर्तुळ धरून गणित मांडलं. जवळपास सगळं जुळलं, फक्त काही ठिकाणी आठ कलांचा फरक राहिला. आठ कला म्हणजे किती? पौर्णिमेचा चंद्र आपल्याला जेवढा रुंद दिसतो, त्याच्या साधारण पाव भाग. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, चालतंय, रिलीज करा. केप्लर म्हणाला, टायकोची नोंद एवढी चुकणार नाही, माझं वर्तुळच चुकीचं असणार. दोन हजार वर्षं लोक आकाशात वर्तुळंच बघत होते. त्याने ती सोडली आणि लंबवर्तुळ मांडलं. हे पुस्तक छापून आलं १६०९ मध्ये.

म्हणजे छोट्याशा तफावतीकडेही काणाडोळा न करणारा माणूस. ही सवय लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता लिओनबर्गला जाऊ. हे गाव व्युर्टेम्बर्गच्या ल्यूथरन संस्थानात होतं आणि केप्लरची आई तिथे राहायची. औषधी पाला गोळा करायची, काढे करून द्यायची. कुणाच्याही घरात शिरून सल्ला द्यायची सवय, जीभही जरा तिखट. अशी एक तरी आजी आपल्या प्रत्येक गावात असतेच की.

१६१५ मध्ये उर्सुला राइनबोल्ड नावाच्या बाईने आरोप केला, की कॅथरिनाने काही वर्षांपूर्वी मला कडू काहीतरी प्यायला दिलं आणि तेव्हापासून मी आजारी आहे. दोन कुटुंबांत भांडण आधीपासूनच होतं. एकीने तोंड उघडलं आणि सगळ्या गावाला जुनं-जुनं आठवायला लागलं. शाळामास्तर म्हणाला, माझं पांगळेपण तिच्यामुळे. विटा वाहणारी एक मुलगी म्हणाली, ती माझ्या जवळून गेली आणि माझा हात दुखायला लागला.

आपल्याकडे यासाठी नेमकी म्हण आहे: कावळा बसायला आणि फांदी मोडायला. आमच्या ऑफिसात एकदा मध्यरात्री सिस्टिम बंद पडली. ग्रुपवर पहिला मेसेज काय? 'नवीन मुलाने आज कोड टाकलाय, त्याच्यामुळेच.' सकाळी लॉग बघितले तर एका सर्टिफिकेटची मुदत संपलेली होती, त्या पोराचा काही संबंधच नव्हता. पण रात्रभर तो गुन्हेगार होता. इथे फार तर एक बिचारा झोपला नाही. लिओनबर्गमध्ये पणाला लागला होता एका बाईचा जीव.

आणि ही गोष्ट एका गावापुरती नव्हती. इतिहासकारांच्या अंदाजानुसार साधारण १४५० ते १७५० या काळात युरोपात चाळीस ते साठ हजार माणसांना चेटकाच्या आरोपावरून ठार मारलं गेलं. त्यात बहुसंख्य बायका. काळ नीट बघा: मध्ययुग सरत होतं आणि हे वाढत होतं. थंडीने पिकं जात होती, साथी येत होत्या, पंथांची भांडणं पेटली होती, आणि दोष द्यायला कुणीतरी हवं होतं. ज्या छापखान्याने ल्यूथर आणि कोपर्निकस घरोघरी नेले, त्याच छापखान्यातून चेटकिणी कशा ओळखाव्यात याचं पुस्तकही निघालं. 'मॅलेउस मॅलेफिकारुम' त्याचं नाव, १४८६-८७ च्या सुमारास पहिल्यांदा छापलं आणि पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. छापखान्याला मजकुराशी काही देणंघेणं नव्हतं. फॉरवर्डचं बटण जसं, तसंच ते.

ऑगस्ट १६२० मध्ये रात्री कॅथरिनाला मुलीच्या घरातून उचललं आणि पेटीत घालून बाहेर नेलं. मग चौदा महिने कैद, तीही साखळदंडात. तिच्याविरुद्ध 'पुरावे' काय होते? ती रडत नाही, हा एक. चेटकिणीला अश्रू येत नाहीत, असा समज होता.

तेव्हा केप्लर कोण होता? सम्राटाचा गणिती. हाच खटला डोक्यावर असताना, १६१८ मध्ये, त्याने ग्रहांच्या गतीचा तिसरा नियम शोधला होता. त्याच महिन्यात प्रागमध्ये ठिणगी पडली आणि तीस वर्षं चालणारं युद्ध सुरू झालं. अशा वेळी त्याने काम बाजूला ठेवलं, लिंझ सोडलं आणि आईच्या बचावासाठी व्युर्टेम्बर्ग गाठलं. कोर्टाच्या कारकुनाने नोंद केलीय, की आरोपी 'दुर्दैवाने' आपल्या गणिती मुलाला सोबत घेऊन हजर झाली. म्हणजे हा माणूस डोकं खाणार, हे त्यांना कळून चुकलं होतं!

आणि त्याने खाल्लंच. सगळा खटला लेखी चालवायला लावला आणि शंभराहून जास्त पानांचं बचावाचं निवेदन दिलं. पद्धत तीच, मंगळाची. एकेक आरोप घ्यायचा, तारीख तपासायची, साक्षी एकमेकींशी जुळतात का बघायचं, दुसरं कारण शक्य आहे का शोधायचं. राइनबोल्डबाईंचं दुखणं? आधीच्या भलत्या औषधोपचारांतून आलेलं. मास्तरचं पांगळेपण? ओझं घेऊन चर उडी मारून ओलांडताना झालेली दुखापत. मुलीचा हात? रोज जड विटा वाहिल्यावर हात दुखणारच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चेटकिणी नसतातच, असं केप्लर कुठेही म्हणाला नाही. तो स्वतः पत्रिकाही मांडायचा. तो एवढंच म्हणत होता, की माझ्या आईवरच्या या आरोपाला पुरावा दाखवा.

शेवटी ट्युबिंगेन विद्यापीठाच्या कायदेपंडितांकडे निर्णय गेला. त्यांनी सांगितलं, छळाची हत्यारं नुसती दाखवा, वापरू नका. सप्टेंबर १६२१ मध्ये तिच्यापुढे ती मांडली गेली. ती म्हणाली, काहीही करा, कबूल करण्यासारखं माझ्याकडे काही नाही. गुडघे टेकून तिने प्रार्थना केली. काही दिवसांत ती सुटली आणि १६२२ च्या एप्रिलमध्ये वारली. सुटल्यावर जगली जेमतेम सहा महिने.

केप्लरला आणखी एक टोचणी होती. चंद्रावरच्या प्रवासाची एक कल्पित कथा त्याने लिहिली होती. त्यात नायकाची आई जडीबुटीवाली आणि आत्म्यांना बोलावणारी. हस्तलिखित लोकांच्या हाती फिरलं, आणि आईवरच्या संशयाला आपणच खतपाणी घातलं की काय, हे त्याच्या मनाला लागून राहिलं. पुढे त्याने त्या छोट्या कथेला दोनशेहून जास्त टिपा जोडल्या. ती छापली गेली १६३४ मध्ये, तो गेल्यावर चार वर्षांनी.

तर धड्यातल्या त्या चार टिपा एकाच घरात, एकाच वेळी घडत होत्या. त्यांचा क्रम कुणी लावून दिला नव्हता. नवं विज्ञान आलं म्हणून जुनी भीती आपोआप गेली नाही. कॅथरिना वाचली ती दुर्बिणीमुळे किंवा छापखान्यामुळे नाही. कुणीतरी बसून प्रत्येक आरोपाला 'हे कशावरून?' असं विचारलं, म्हणून वाचली. आणि हेही खरं, की तिचा मुलगा सम्राटाचा गणिती होता. ज्यांचे मुलगे नव्हते, किंवा शिकलेले नव्हते, त्या बायकांसाठी हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

हे फार लांबचं वाटत असेल, तर आपल्या महाराष्ट्रातला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आठवा. एखाद्याला करणी करणारा ठरवून त्रास देणं, हा त्यात गुन्हा आहे. कायदा करावा लागला, कारण बायकांना 'डाकीण' ठरवून मारहाण करण्याचे प्रकार आपल्याकडेही घडत होते.

पुढच्या वेळी ग्रुपवर 'त्याच्यामुळेच झालं' असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एकदा लॉग बघा. एवढंच. हा भाग घरातल्या एखाद्या तिखट जिभेच्या आजीला जरूर ऐकवा. भेटू पुढच्या भागात!