टारफुला : ज्वारीच्या मुळावरचा चोर



ज्वारी गुडघ्याएवढी झालेली असते. जमिनीत ओल असते, तरी काही ठिकाणची ताटे भर दुपारी पाण्यावाचून सुकल्यासारखी दिसतात. वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात. आपण म्हणतो, पाऊस कमी पडला, नाहीतर जमीनच हलकी. पण थोड्याच दिवसांत त्याच ताटांच्या बुडाशी पांढऱ्या फुलांची, वीतभर उंचीची रोपे डोके वर काढतात. हाच टारफुला. बाजरी, मका आणि ऊस यांनाही तो सोडत नाही.

बांडगूळ आंब्याच्या फांदीवर बसते, म्हणून डोळ्यांना दिसते. टारफुला मुळावर बसतो, म्हणून पहिले तीन-चार आठवडे पत्ताच लागत नाही. पिकाच्या मुळात तो आपले मूळ घुसवतो आणि पाणी, क्षार व तयार अन्न ओढून घेतो. रोप वर येईपर्यंत बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते.

बी झोपलेले, मूळ उठवते

टारफुल्याचे बी धुळीच्या कणाएवढे असते. एका झाडाला हजारो बिया येतात. मोठ्या झाडाला ५०,००० वर. हे बी जमिनीत १० वर्षे आणि त्याहूनही जास्त जिवंत राहते. नुसत्या पावसाने ते उगवत नाही. इवल्याशा बियात शिदोरी ती किती? उगवल्यावर चार-पाच दिवसांत मूळ सापडले नाही, तर कोंब मरतो. म्हणून ते वाट बघते. जवळच्या मुळातून एक विशिष्ट द्रव्य पाझरले, की मगच ते जागे होते.

आता प्रश्न पडेल, ज्वारी आपल्याच वैऱ्याला हाक का मारते? ती हाक त्याच्यासाठी नसतेच. जमिनीत एक मित्रबुरशी असते. ती मुळांना स्फुरद आणून देते. पीक त्या बुरशीला बोलावते, हे २००५ साली संशोधनातून कळले. टारफुला तीच हाक चोरून ऐकतो. पीक जितके उपाशी, तितकी हाक मोठी. म्हणून हलक्या, खत न मिळालेल्या रानात टारफुला माजतो.

चोराला फसवता येते

हे द्रव्य पहिल्यांदा १९६६ साली वेगळे काढले गेले, ते कपाशीच्या मुळांतून. आणि कपाशीवर तर टारफुला जगतच नाही! म्हणजे कपाशीची हाक ऐकून बी उगवते, पण मुळावर बसता न आल्याने उपाशी मरते. अशा पिकाला सापळा पीक म्हणतात.

काय करावे

१. टारफुला असलेल्या रानात ज्वारीवर ज्वारी घेऊ नका. कपाशी, भुईमूग, चवळी, सोयाबीन यांची फेरपालट करा. एका हंगामात सगळे बी संपत नाही. हे काम नेटाने काही वर्षे करावे लागते.

२. चांगले कुजलेले शेणखत आणि शिफारशीप्रमाणे नत्र व स्फुरद द्या. पोसलेल्या पिकावर त्याचा जोर कमी चालतो.

३. पेरणीनंतर महिन्याभराने दर आठवड्याला रानातून फेरी मारा. फूल येण्यापूर्वीच रोपे उपटा. कोळपणी एकदा करून भागत नाही, नवी रोपे मागून येत राहतात.

४. फुलावर आलेली रोपे बांधावर टाकू नका. उपटल्यावरही त्यांत बी पिकू शकते. गोळा करून जाळा.

५. ज्वारी काढली म्हणून रान सोडू नका. मागे राहिलेला टारफुला बी धरतो, तोही काढा.

६. टारफुल्याच्या रानातून आलेला कुळव, कोळपे धुऊन मगच दुसऱ्या रानात घाला. अशा रानातले बियाणे पेरू नका. वाहत्या पाण्याबरोबरही बी खालच्या रानात जाते.

७. तणनाशक वापरायचे, तर आधी कृषी सहायकाला विचारा. २,४-डी सारखे औषध शेजारच्या कपाशीला आणि ज्वारीतल्या तुरीला जाळते.

आज पाच-दहा रोपे दिसली, तर "एवढ्याने काय होतंय" म्हणू नका. त्या दहा रोपांचे बी तुमच्या पोराच्या हातात रान येईपर्यंत जमिनीत वाट बघत बसेल. आणि वरच्या रानात टारफुला असेल, तर शेजाऱ्यालाही हे पत्रक वाचून दाखवा. एकट्याने केलेली राखण इथे पुरी पडत नाही.