बंगळूरचं गाणं, लंडनचा ठोका... आणि रिमिक्सचे अवतार!

'आप जैसा कोई' पहिल्यांदा वाजलं १९८० साली. तेव्हा ज्यांनी कॅसेट झिजवली त्यांचे केस आता पांढरे झालेत आणि त्यांची नातवंडं मोबाइलवर त्याच गाण्याच्या नव्या आवृत्तीवर नाचतात. मूळ गाणं चांगलं की रिमिक्स, हा घराघरातला वाद आहे. पण या गाण्याची मुळं बंगळूरच्या मातीत आहेत, हे कितीजणांना ठाऊक आहे?

बंगळूरनं देशाला तीन हिकमती पोरं दिली. तिघंही घर सोडून गेली आणि तिघांनीही नाव काढलं. एक, मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड. बसमध्ये तिकिटं फाडता फाडता तो मद्रासला गेला आणि रजनीकांत झाला. दुसरा फिरोज खान. १९३९ साली बंगळूरमध्ये जन्मलेला हा देखणा गडी मुंबईत हिरो आणि पुढे निर्माता-दिग्दर्शक झाला. तिसरा मात्र आपल्याकडे चेहऱ्यानं फारसा कुणाला ओळखू येणार नाही. त्याचं नाव बिद्दू अप्पय्या. कूर्गी घरातला हा मुलगा लहानपणी रेडिओ सिलोनला कान लावून इंग्रजी गाणी ऐकायचा. आपल्या घरांत बिनाका गीतमाला ऐकली जायची तोच रेडिओ सिलोन, फक्त कार्यक्रम वेगळा!

शाळकरी वय संपता संपता बिद्दूनं मित्रांना गोळा करून 'द ट्रोजन्स' नावाचा बॅण्ड काढला. बीटल्स आणि रोलिंग स्टोन्सची गाणी बंगळूरच्या क्लबांत वाजवायची, टाळ्या घ्यायच्या. मग कोलकात्याचं ट्रिंकाज, मग मुंबई. बॅण्ड फुटला तेव्हा हा पठ्ठ्या 'लोन ट्रोजन' म्हणून एकटाच गाऊ लागला. १९६७ च्या सुमारास गिटार घेऊन तो लंडनला पोहोचला. खिशात पैसे नाहीत, ओळख नाही. पोटासाठी स्वयंपाकघरात राबायचं आणि उरलेल्या वेळात गाण्याच्या कंपन्यांचे जिने चढायचे. असे दिवस त्यानं काढले.

१९७४ साली त्याचं नशीब फळफळलं, तेही अपघातानंच. कार्ल डग्लस नावाच्या गायकाचं एक गाणं बिद्दू ध्वनिमुद्रित करत होता. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला काहीतरी हवं म्हणून स्टुडिओची वेळ संपता संपता दहाएक मिनिटांत दुसरं गाणं उरकलं. ते 'कुंग फू फायटिंग'! मागच्या बाजूचं गाणं पुढे आलं, ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं आणि लाखो रेकॉर्ड खपल्या. दोन वर्षांनी टीना चार्ल्सच्या आवाजातलं 'आय लव्ह टू लव्ह' हेही ब्रिटनमध्ये पहिलं आलं. बंगळूरचा पोरगा डिस्कोचा कारागीर म्हणून ओळखला जाऊ लागला.

आता बंगळूरचा दुसरा पोरगा कथेत येतो. फिरोज खान 'कुर्बानी' बनवत होते. चित्रपटाचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं. पण झीनत अमानच्या एका नाइटक्लबातल्या गाण्यासाठी फिरोजना थेट लंडनचा ठोका हवा होता. ते बिद्दूकडे गेले. हिंदी सिनेमाशी बिद्दूचा काडीचा संबंध नव्हता. गायिकाही फिरोजनीच सुचवली. लंडनला एका पार्टीत भेटलेली, कराचीत जन्मलेली, जेमतेम पंधरा वर्षांची मुलगी... नाझिया हसन.

चोवीस पट्ट्यांची कमाल

ते गाणं आजही वेगळं का वाटतं? त्याचं उत्तर यंत्रात आहे. आपल्याकडे त्या काळी मोठ्या हॉलमध्ये साठ-सत्तर वादक एकत्र बसत, गायक काचेपलीकडे उभा राही आणि सगळं मिळून एका दमात टेपवर उतरे. कुणाचा एक सूर चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. लंडनमध्ये बिद्दूच्या हाताशी चोवीस ट्रॅकची टेप होती. म्हणजे असं समजा, एकाच रुंद फितीवर शेजारी शेजारी चोवीस पट्ट्या. एकीवर नुसता ड्रम, दुसरीवर बेस गिटार, तिसरीवर सिंथेसायझर, आणखी कुठे तरी आवाज. प्रत्येक पट्टी वेगळी मुद्रित करता येते आणि हवी तशी लहान-मोठी करता येते. गृहिणींना लगेच पटेल असं उदाहरण द्यायचं तर मसाले आधीच कुटून एकत्र केलेले नाहीत. प्रत्येक मसाला आपापल्या डब्यात आहे आणि फोडणी घालताना तुम्ही प्रमाण ठरवताय.

म्हणूनच 'आप जैसा कोई' कानाला इतकं स्वच्छ लागतं. खाली एकसुरी, अढळ ठोका. त्यावर बेसची लाडीगोडी. मध्येच सिंथेसायझरचे शिंतोडे. आणि या सगळ्याच्या वर नाझियाचा किंचित नाकातून येणारा कोवळा आवाज. हेडफोन लावून ऐकलं तर तोच आवाज स्वतःवरच चढवलेला जाणवतो, जणू तीच तिला साथ करतेय. लता-आशांच्या तयारीचा हा गळा नव्हेच. त्यात मुरकी नाही, हरकत नाही. इंदीवरांच्या साध्यासरळ शब्दांतलं प्रेम ती इतक्या निरागसपणे मांडते की नाइटक्लबातल्या, लाल पोशाखातल्या मादक झीनतच्या तोंडी तो आवाज खरं तर शोभू नये. पण शोभला! 'कुर्बानी' तुफान चालला आणि १९८१ साली पार्श्वगायनाचं फिल्मफेअर पारितोषिक नाझियाला मिळालं. तेव्हा ती शाळेच्या वयाची होती.

त्याच साली बिद्दूनं नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब यांना घेऊन 'डिस्को दीवाने' हा अल्बम काढला. सिनेमा नाही, हिरो-हिरॉइन नाही, तरी कॅसेट हातोहात गेली. गणपतीच्या मांडवात, कॉलेजच्या गॅदरिंगला, लग्नाच्या वरातीत तीच वाजत होती. मग बिद्दूनंच त्या गाण्याची 'ड्रीमर दीवाने' ही इंग्रजी आवृत्ती काढली. म्हणजे स्वतःच्याच गाण्याला नवे कपडे घालायची खोड मूळ संगीतकारालाही होतीच की! रिमिक्सवर तुटून पडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

रिमिक्सचं पाप कुणाचं?

रिमिक्स हे आपल्याकडच्या आळशी संगीतकारांचं पाप, असं अनेकांना वाटतं. पण हा प्रकार जुना आहे आणि त्याचं मूळ नाचणाऱ्यांच्या पायांत आहे. सत्तरच्या दशकात न्यू यॉर्कच्या टॉम मोल्टनच्या लक्षात आलं की रंगात आलेली मंडळी तीन मिनिटांनी गाणं संपलं की हिरमुसून बाजूला होतात. त्यानं गाण्यातले तालाचे तुकडे जोडून ती लांबवायला सुरुवात केली. एकदा नेहमीच्या सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या म्हणून गाणं मोठ्या तबकडीवर कोरलं. पाहतात तो काय, खाचा रुंद झाल्यानं आवाज दणदणीत! त्यातूनच खास डिस्कोसाठी बारा इंची तबकड्या आल्या. डोना समरचं 'आय फील लव्ह' (१९७७) हे जवळजवळ सगळंच सिंथेसायझरवर बांधलेलं प्रेमगीत. पॅट्रिक काउली नावाच्या तरुणानं त्याची पंधरा मिनिटांच्या वरची आवृत्ती केली आणि मूळ गाण्याइतकीच तिचीही पारायणं झाली.

आपल्याकडे ही लाट नव्वदीच्या दशकात आली. ब्रिटनमधल्या बाली सागूनं १९९४ मध्ये जुन्या हिंदी गाण्यांना नवा ठोका दिला. आशाताईंनी तर लेस्ली लुईसला हाताशी धरून पंचमची गाणी स्वतःच नव्यानं गायली आणि 'रिमिक्स करायचंच तर मी करते' असा जणू पवित्रा घेतला. २००२ मध्ये 'काँटा लगा'चं रिमिक्स आलं. त्याच्या व्हिडिओनं घराघरातले टीव्ही पटापट बंद झाले. (आणि वडीलधारी मंडळी उठून गेली की पुन्हा सुरूही!) मूळ गाणं लतादीदींचं, १९७२ च्या 'समाधी'मधलं. दीदींना हा प्रकार कधीच पटला नाही. २०१८ मध्ये त्यांनी जाहीर पत्र लिहून नाराजी व्यक्त केली. जुनं गाणं नव्यानं सादर करायला त्यांचा विरोध नव्हता. त्याची मोडतोड करायला आणि मूळ कवी-संगीतकाराचं नाव गिळायला होता.

कायदाही बराच काळ गुळमुळीत होता. मूळ गाणं बाजारात येऊन दोन वर्षं झाली की नोटीस द्यायची, थोडं मानधन भरायचं आणि दुसऱ्या आवाजात आपली आवृत्ती काढायची. यावरच कॅसेटचा धंदा फोफावला. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. ही मुदत पाच वर्षांवर गेली, मालकाच्या संमतीविना गाण्यात वाटेल ते बदल करायला मनाई झाली आणि कवी-संगीतकारांचा रॉयल्टीतला हक्क पक्का झाला. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जीव तोडून बाजू मांडली होती. आता रिमिक्स निघतात ती बहुधा हक्क ज्या कंपनीकडे आहेत तिच्याच आशीर्वादानं. त्यामुळे प्रश्न कायद्याचा कमी आणि चवीचा जास्त राहिला आहे.

एकापाठोपाठ एक ऐका

तर चव घेऊनच पाहू. सवड नाही म्हणता? बंगळूरच्या सिल्क बोर्ड चौकात संध्याकाळी अडकलेल्या कुणालाही विचारा, एका सिग्नलला गाण्याच्या तीन-तीन आवृत्त्या ऐकून होतात!

२०१२ साली करण जोहरच्या 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्ये विशाल-शेखरनी 'डिस्को दीवाने' नव्यानं बांधलं. त्यात सुनिधी चौहान आहे, बेनी दयाल आहे, ढोलताशासारखा भरगच्च ताल आहे. आणि मध्येच दार उघडावं तसा नाझियाचा मूळ आवाज येतो. गायकांच्या यादीत तिचं नावही आहे. नाझिया २००० सालीच गेली. कायद्याची पदवी घेतलेली, काही काळ संयुक्त राष्ट्रसंघात काम केलेली ही मुलगी १३ ऑगस्टला लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानं गेली तेव्हा फक्त पस्तीस वर्षांची होती. बारा वर्षांनी तिचा आवाज थिएटरमध्ये घुमला आणि जिच्यावर ते गाणं चित्रित झालं ती आलिया भट 'डिस्को दीवाने' आलं तेव्हा जन्मलीही नव्हती. सुनिधीचा गळा नाझियापेक्षा कितीतरी तयार आहे, यात वादच नाही. तरीही नाझियाचा तुकडा आला की बाकीचं सगळं क्षणभर मागे सरतं. हा रिमिक्स आवडतो तो त्यामुळेच. त्यानं मूळ आवाज दडवला नाही.

दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, 'ॲन ॲक्शन हीरो'साठी तनिष्क बागचीनं 'आप जैसा कोई'ला हात घातला. पडद्यावर मलायका अरोरा आणि आयुष्मान खुराना, आवाज झहरा खान आणि अल्तमश फरीदी यांचे. इथं नाझिया नाही. ठोका जाडजूड, आवाज यंत्रातून घासूनपुसून काढलेले. पण खरा बदल वेगळाच आहे. मूळ गाण्यात एकटी मुलगी बोलते, समोरून उत्तर येत नाही. ते येईल की नाही याची हुरहुर हाच त्या गाण्याचा प्राण. नव्या गाण्यात पुरुषाचा आवाज येतो, उत्तर देतो आणि हुरहुर संपते. नाचायला गाणं झकास. रात्री एकट्यानं खिडकीशी बसून ऐकायला मात्र १९८० चंच हवं. अनेक जुन्या चाहत्यांनी या आवृत्तीवर राग काढला, पण ज्या सोळा वर्षांच्या मुलीनं ती आधी ऐकली आणि मग शोधत शोधत नाझियापर्यंत पोहोचली, तिचं काय? तिच्यासाठी रिमिक्स हा जिना ठरला. असे जिने चढून आलेले तरुण श्रोते थोडेथोडके नाहीत.

परदेशातही हेच घडलं. बिद्दूचं 'कुंग फू फायटिंग' १९९८ मध्ये 'बस स्टॉप'नं कार्ल डग्लसलाच सोबत घेऊन नव्यानं काढलं आणि ते ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या दहात पोहोचलं. २००८ मध्ये 'कुंग फू पांडा'च्या निमित्तानं ते लहान मुलांच्या तोंडी गेलं. स्वतः बिद्दू १९९५ मध्ये अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'मुळे आपल्या घरांत पुन्हा आले. त्या व्हिडिओतला आपला मिलिंद सोमण अजून कुणी विसरलेलं नाही! २०१० मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, त्याचंही नाव 'मेड इन इंडिया'च ठेवलं.

आणि बंगळूर? ते तर गाण्याच्या बाबतीत नेहमीच दोन पावलं पुढे. देशातलं पहिलं खासगी एफएम केंद्र २००१ च्या जुलैत याच शहरात सुरू झालं. फिरोज खान अखेरच्या दिवसांत बंगळूरलाच परतले आणि २७ एप्रिल २००९ रोजी तिथेच त्यांनी डोळे मिटले.

आज तिथल्या एखाद्या मंगल कार्यालयात संगीताचा कार्यक्रम असला की डीजे आधी २०१२ चं 'डिस्को दीवाने' लावतो. पोरंसोरं धावतात. मग खुर्चीवर बसलेली कुणी मावशी, कुणी काकू डीजेच्या टेबलापाशी जाऊन हळूच सांगते, "अरे, ते जुनं लाव ना, कुर्बानीतलं." तो लॅपटॉपवर शोधतो. ठोका सुरू होतो आणि नाझियाचा पहिला सूर यायच्या आधीच मावश्यांची सगळी रांग उठलेली असते.